देवाची दया रोजच्या रोज कशी घ्यायची, आणि त्यात मोकळं कसं जगायचं

जय ख्रिस्त सगळ्यांना. हे लिहितेय ते मुख्यतः अशा विश्वासणाऱ्यांसाठी ज्यांचा बाप्तिस्मा झालाय, रविवारी उपासनेला जातात, प्रभुभोजन घेतात, तारण कृपेनं होतं हे तोंडपाठ आहे, आणि तरी सोमवारी सकाळी डोळे उघडले की छातीवर तेच दडपण असतं, घराचा हप्ता, आईचे रिपोर्ट, पोराची नोकरी, आणि त्या सगळ्याच्या खाली कुठेतरी जुनी एखादी गोष्ट जी देवाने माफ केली असं आपण प्रार्थनेत म्हणतो पण मनातून ती काही हलत नाही. अशी माणसं प्रत्येक मंडळीत आहेत, बोलत नाहीत एवढंच. कुणी ख्रिस्ती नसेल आणि नुसतं समजून घ्यायचं म्हणून वाचत असेल तरी चालेल, यातलं काही लपवून ठेवण्यासारखं नाहीये.

आधी एक गोष्ट नीट बघू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते हे वचन आपण कॅलेंडरवर बघतो, सुंदर सूर्योदयाच्या फोटोवर बघतो, पण ते आलंय कुठून? बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकातून, तिसरा अध्याय, २२ आणि २३ ओवी. हे पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, सैन्याने यरुशलेम पाडलं होतं, मंदिर जाळलं होतं, लोकांना कैद करून नेलं होतं, ख्रिस्तपूर्व ५८६ च्या आसपासची ही गोष्ट. पाच अध्याय आणि पाचही रडण्याचे. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तर तो माणूस म्हणतो की देवाने माझी वाट दगडांनी बंद केली, खडे चावायला लावून माझे दात पाडले. आणि असं वीस ओव्या बोलून झाल्यावर तो म्हणतो, पण मी एक गोष्ट आठवतो म्हणून मला आशा आहे. मग येते ती ओवी. आणि त्यानंतर परिस्थिती बदलते का, तर नाही, चौथ्या आणि पाचव्या अध्यायात शहर तसंच उजाड आहे, भूक तशीच आहे. म्हणून पहिली सूचना हीच की आधी सगळं ठीक होऊ दे मग देवावर भरवसा ठेवू, असं थांबून राहू नका. हे वचन ज्याने लिहिलं त्याचंही काही ठीक झालेलं नव्हतं.

आता रोजच्या रोज म्हणजे नेमकं कसं, ते बायबलमधल्याच निर्गम या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात दिसतं. इस्राएल लोक रानात आहेत, मिसरातून सुटून फार दिवस झालेले नाहीत, पोटाला काही नाही आणि तक्रारी सुरू. देव सकाळी दंवाबरोबर मान्ना, म्हणजे जमिनीवर पडलेलं, वेचून घ्यायचं अन्न, देतो. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर मावेल एवढं माप. ज्याने जास्त गोळा केलं त्याचं उरलं नाही, ज्याने कमी केलं त्याला कमी पडलं नाही. त्यांचा पुढारी मोशे याने सांगितलं, सकाळपर्यंत काही ठेवू नका, तरी काहींनी ठेवलंच आणि त्यात किडे पडले आणि घाण वास सुटला. ऊन तापलं की जमिनीवरचं वितळून जायचं. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातवा विश्रांतीचा. आणि हे ४० वर्षं चाललं. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय भिडतं सांगू, ही माणसं गुलामगिरीतून सुटली होती पण साठवून ठेवायची भीती अजून गुलामाचीच होती, उद्या मिळेल का माहीत नाही, आज मिळतंय तर लपवून ठेव. त्यांना मोकळं व्हायला शिकवायचं म्हणून देवाने रोज सकाळी नव्याने दिलं. प्रभू येशूने प्रार्थना शिकवली तीसुद्धा आमची रोजची भाकर आज आम्हाला दे अशी, महिन्याची नाही.

सकाळी काय करायचं

फोन हातात घ्यायच्या आधी वचन. सगळे सांगतात आणि कोणी करत नाही, मला माहितीये, पण कसं करायचं ते सांगते. जॉर्ज म्युलर हे इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात हजारो अनाथ मुलांना सांभाळणारे गृहस्थ, पैशासाठी माणसांकडे हात न पसरता फक्त देवाकडे मागायचं असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी १८४१ साली लिहून ठेवलंय की आधी बरीच वर्षं ते उठल्याबरोबर थेट प्रार्थनेला बसायचे आणि मन इतकं भटकायचं की पाव तास, कधी अर्धा तास गेल्यावर कुठे खरी प्रार्थना सुरू व्हायची. मग त्यांनी क्रम बदलला. आधी वचन उघडायचं, थोडं वाचायचं, त्यावर सावकाश विचार करायचा, आणि त्या विचारातूनच प्रार्थना आपोआप निघायची, कबुली असेल तर कबुली, आभार असेल तर आभार, कुणासाठी मध्यस्थी असेल तर ती. दिवसाचं पहिलं काम म्हणजे आपला जीव प्रभूमध्ये आनंदी करणं, असं ते म्हणायचे. अनाथाश्रम चालवणारा माणूस हे म्हणतोय, ज्याला सकाळी उठल्याबरोबर चिंता करायला शंभर कारणं होती.

तर तसंच करा. एक छोटा उतारा घ्या, आठ-दहा ओव्या बस झाल्या, मोठ्याने वाचा, हळू आवाजात पण मोठ्याने, कारण डोळ्यांनी वाचताना आपण पळतो. मग एक प्रश्न, यात देव कसा दिसतोय? मी काय करायचं हा प्रश्न नंतर. आणि मग त्याच शब्दांत त्याच्याशी बोला. घरात लहान पोरं असतील, पाण्याची वेळ असेल, सात पाचची लोकल पकडायची असेल तर दहा मिनिटं पण चालतील, ज्यांची नाईट शिफ्ट आहे त्यांनी उठल्यावर करा मग दुपारचे दोन वाजलेले असले तरी, देवाची सकाळ तुमच्या घड्याळाला अडून बसत नाही. पण रोज. रविवारी दोन तास आणि बाकी सहा दिवस काहीच नाही असं केलं तर आपण परत साठवून ठेवायलाच लागलो.

एक विनंती, ग्रुपवर आलेलं एक वचन वाचून पुढे पाठवलं म्हणजे झालं असं समजू नका. यिर्मया २९:११ किती जण पाठवतात, तुमच्याविषयीचे माझे संकल्प मला ठाऊक आहेत, ते हिताचे आहेत, आणि आपल्याला वाटतं म्हणजे इंटरव्ह्यू क्लिअर होणार. पण त्याच्या आधीची ओवी वाचा, त्यात देव कैद करून नेलेल्या लोकांना सांगतोय की बाबेलमध्ये ७० वर्षं पूर्ण झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. आणि पाचव्या ओवीत सांगतोय की तिथेच घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा. म्हणजे ज्या जागी यायचं नव्हतं त्या जागी रोज सकाळी उठून घर बांधायचं, झाडाला पाणी घालायचं. हे पूर्ण वाचलं की वचन लहान होत नाही, उलट जास्त आधार देतं, कारण आपल्यापैकी बहुतेक जण बाबेलमध्येच राहतायत.

आजच्यापुरतं मागायचं

वचन झालं की एका कागदावर आज ज्यासाठी दया लागणार आहे ते लिहा. आज. साहेबांसमोर बसायचंय, डॉक्टरकडे जायचंय, भावाला जमिनीच्या वाटणीबद्दल फोन करायचाय, मुलाचा अभ्यास घेताना हात उचलायचा नाहीये. मुलीच्या लग्नाला चार वर्षांनी किती खर्च येईल हे त्या कागदावर नको, त्यासाठी बचत करा, आरडी काढा, नियोजन करायला कुणी नाही म्हटलेलं नाही, येशूने उद्याची चिंता करू नका म्हटलं, उद्याची तयारी करू नका असं नाही म्हटलं. फरक कसा ओळखायचा? तयारी केली की कागद बाजूला ठेवता येतो. चिंता तेच गणित रात्री एक वाजता सतराव्यांदा करायला लावते आणि उत्तर तेच येतं.

कर्जाचं ओझं असलेल्यांना हे ऐकायला सोपं वाटणार नाही, मला कल्पना आहे. तरी करून बघा, संपूर्ण कर्ज देवासमोर एकदा मांडा आणि मग विचारा की आज यातलं माझ्या हातात काय आहे, एक फोन, एक खर्च टाळणं, कुणाला तरी खरं सांगणं. तेवढं करा. बाकीच्या दिवसांची दया त्या त्या दिवशी मिळेल, ती आज नाही मिळणार, आणि म्हणूनच पुढची पाच वर्षं आज रात्री डोळ्यांसमोर आणली की आपण मोडून पडतो.

कालचं काय करायचं

इथे बरेच लोक अडकतात म्हणून जरा थांबून लिहिते. १ योहान १:९ सांगतं की आपण आपली पापं पदरी घेतली तर तो विश्वसनीय आणि न्यायी आहे, क्षमा करतो आणि शुद्ध करतो. पदरी घेणं म्हणजे नाव घेऊन कबूल करणं. प्रभू मी पापी आहे, क्षमा कर, एवढं ढोबळ बोलून उठलं की मन मोकळं होत नाही कारण आपण खरं काही सांगितलेलंच नसतं. मी काल बायकोला तिच्या माहेरावरून टोमणा मारला. मी बिलात आकडा वाढवला. मी त्या साईटवर गेलो. असं. देवाला माहीतच आहे, पण आपल्या तोंडून निघालं पाहिजे.

आणि कबूल केल्यावर जिथे भरपाई शक्य आहे तिथे भरपाई. लूकच्या १९ व्या अध्यायात जक्कय जकातदार येशूला घरी घेतो आणि उभा राहून म्हणतो, अर्धी संपत्ती गरिबांना देतो आणि कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. येशू आधी त्याच्या घरी आला, हिशेब नंतर झाला, हा क्रम लक्षात ठेवा, पण हिशेब झाला. पैसे परत करा, माफी मागा, खोटं बोललात ते दुरुस्त करा. कॅथलिक घरातले असाल तर प्रायश्चित्त संस्काराला जा, फादरसमोर बोलताना लाज वाटते खरी पण तोंडाने बोलल्यावर आणि क्षमेचे शब्द कानाने ऐकल्यावर जे होतं ते नुसत्या मनातल्या मनात होत नाही. प्रोटेस्टंट असाल तर पाळक किंवा एखादा भरवशाचा जुना विश्वासणारा, याकोबाच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं सरळ लिहिलंय.

मग यानंतर परत आवाज येतो, तू तसाच आहेस, तुझं काही होणार नाही. हा आवाज कुणाचा हे ओळखायची एक साधी खूण आहे. पवित्र आत्मा बोट ठेवतो ते नेमक्या गोष्टीवर, हे केलंस, हे दुरुस्त कर, आणि तो येशूकडे ढकलतो. आरोप करणारा, म्हणजे सैतान, नेमकं काही सांगत नाही, सगळ्या आयुष्यावरच काळा बोळा फिरवतो आणि प्रार्थनेपासून लांब नेतो. दुसऱ्या आवाजाला रोमकरांस ८:१ मोठ्याने वाचून दाखवा, ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. येशूचा शिष्य पेत्र याने तीन वेळा प्रभूला ओळखत नाही म्हटलं, तेही कोळशाच्या विस्तवाजवळ उभं राहून, आणि योहानाच्या २१ व्या अध्यायात परत कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, आणि प्रभू तीन वेळा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का, आणि प्रत्येक वेळी कामाला लावतो, माझी मेंढरं सांभाळ. सकाळची वेळ होती ती, आणि आधी त्याने नाश्ता दिला.

मोकळं होणं म्हणजे कशातून

आपल्या महाराष्ट्रात या विषयावर पंडिता रमाबाईंइतकं मोठं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. १८५८ चा जन्म, तरुणपणी दुष्काळात वडील, आई आणि बहीण गेली, लग्नानंतर दोनेक वर्षांत नवरा गेला, छोटी मुलगी घेऊन इंग्लंडला गेल्या आणि तिथे १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनी स्वतः आपल्या साक्षीत सांगितलंय की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी विद्वान बाई, संस्कृत तोंडपाठ, मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलेली, आणि आतून शांती नाही. मग त्यांना कळलं की मी सुधारेन आणि लायक होईन मग देव मला घेईल असं नाहीये, मी आहे तशी येऊ शकते. हे वाचलं की मला वाटतं आपल्या मंडळ्यांमधल्या अर्ध्या लोकांची हीच गोष्ट आहे, धर्म आहे, नियम आहेत, आणि मोकळेपणा नाही.

आणि बघा, त्या मोकळ्या झाल्यावर त्यांनी काय केलं. म्युलर यांचा अनुभव त्यांनी वाचला होता आणि आपणही भारतात तसा देवावर भरवसा ठेवू शकतो का असा त्यांना प्रश्न पडला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्या उपाशी मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या, पुण्याजवळ केडगावला त्यांना ठेवलं आणि त्या जागेला नाव दिलं मुक्ती. तिथे शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायका चालवायच्या. शेवटची बरीच वर्षं रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, साध्या बाईला वाचता यावं म्हणून. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरी काम सोडलं नाही, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर पूर्ण झालेलं होतं. दयेवर जगणारं माणूस हातावर हात ठेवून बसत नाही, एवढं यातून घ्या.

गलतीकरांस ५:१ मध्ये प्रेषित पौल म्हणतो की ख्रिस्ताने आपल्याला मुक्त केलंय तर परत गुलामगिरीच्या जोखडात अडकू नका. परत हा शब्द त्याने उगाच नाही वापरलेला. तुमचं जोखड कोणतं ते एकदा प्रामाणिकपणे लिहा. कुणाचं दारू असेल, कुणाचं मोबाईलवरचा जुगार, कुणाला करणीची आणि नजरेची भीती अजून आहे, क्रूस गळ्यात आहे आणि घराच्या दाराला लिंबू-मिरची पण आहे, कुणाला लोक काय म्हणतील. ख्रिस्त यातल्या प्रत्येकाहून मोठा आहे असं मी मनापासून मानते. आणि म्हणूनच सांगते, व्यसन असेल तर प्रार्थनेबरोबर व्यसनमुक्ती केंद्रात जा, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीला जा, ते लोकसुद्धा आजचा एक दिवस प्यायचं नाही असंच म्हणतात. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर कुणी प्रार्थना केली म्हणून डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. देवाची दया औषधातूनही येते, त्याला कमीपणा येत नाही.

काहीच जाणवत नाही तेव्हा

असे दिवस येतात, आठवडेही येतात. तेव्हा जास्त विश्वास आण, जास्त उपास कर असं सांगणारे खूप असतात. १ राजे १९ वाचा. एलीया संदेष्टा दमून, घाबरून, झुडपाखाली पडून मरण मागतोय. देवाने त्याला काय दिलं? झोपू दिलं. मग दूताने उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं. तो परत झोपला. दूताने परत उठवलं आणि म्हणाला खा, तुला वाट फार लांबची आहे. उपदेश नाही, एक शब्द रागाचा नाही. तर अशा दिवशी जेवा, झोपा, आणि स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्र १३ किंवा ८८ वाचून दाखवा देवाला. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी काही गोड नाही, तरी ते बायबलमध्ये आहे, कारण ती पण प्रार्थनाच आहे.

आणि एकटे राहू नका. इब्रीकरांस ३:१३ मध्ये लिहिलंय की आज म्हणायची वेळ आहे तोवर रोज एकमेकांना बोध करा. रोज. रविवारची भेट त्यात पुरत नाही. एक माणूस ठरवा, मेव्हणी असेल, मंडळीतली काकू असेल, शाळेतला मित्र असेल, ज्याला रोज एक मेसेज टाकायचा, आज यासाठी प्रार्थना कर.

मिळालेली दया पुढे द्यायची

मत्तय १८ मधला दाखला आठवा. एका दासाला दहा हजार हंडे (हंडा म्हणजे पैशाचं जुनं मोठं माप) कर्ज माफ झालं, जे तो सात जन्मात फेडू शकला नसता, आणि बाहेर पडल्यावर त्याने शंभर दीनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरला. शंभर दीनार म्हणजे मजुराची शंभर दिवसांची मजुरी, ती काही थोडी नसते, हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याला लोकांनी केलेलं नुकसान खरंच मोठं असतं आणि क्षमा करा म्हणताना कुणी ते लहान करून दाखवू नये. तरी सोडून द्यायचं, रोज थोडं, आज पुरतं, कारण आपल्यालाही रोजच मिळतंय. पण घरात मारहाण होत असेल तर क्षमा म्हणजे तिथेच मार खात राहणं नव्हे. सुरक्षित जागी जा, मदत घ्या, तक्रार करा, क्षमा लांबूनही करता येते. पाळकांनी बाईला परत त्याच घरात पाठवू नये, हे मी ठामपणे म्हणते.

पहिल्या आठवड्याला काय वाचायचं असं कुणी विचारलं तर माझा क्रम असा, सोमवारी निर्गम १६, मंगळवारी विलापगीत ३, बुधवारी मत्तय ६ मधली १९ ते ३४ ओवी, गुरुवारी लूक १९ मधला जक्कय, शुक्रवारी रोमकरांस ८, शनिवारी योहान २१. रविवारी उपासनेहून आल्यावर घरच्यांसोबत स्तोत्र १३६, एकाने ओळ वाचायची आणि बाकीच्यांनी त्याची दया सनातन आहे म्हणायचं, २६ ओव्या आहेत, लहान मुलांना पण जमतं, आणि शेवटच्या ओवीनंतर प्रत्येकाने आपल्या घरातली एकेक गोष्ट जोडायची, पगार झाला, ताप उतरला, भांडण मिटलं, आणि तेच धृपद सगळ्यांनी परत म्हणायचं.